लाल शाईची पत्रं

दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, "मास्तर, तुम्ही परदेशी लोकांना इतकी वर्षं मराठी शिकवलंत, त्यातल्या गमतीजमती लिहा." गमतीजमती नाहीत असं नाही. पण लिहायला बसलं की त्या बाजूला राहतात आणि एका स्वयंपाकीण बाईचा चेहरा समोर येतो. ह्या बाईचा मी पंधरा-वीस वर्षं मनापासून मत्सर केला. तेव्हा गमती थोड्या सांगतो आणि मत्सराचं सविस्तर सांगतो. त्या विषयात माझा अनुभव दांडगा आहे.

आधी धंदा काय होता ते सांगतो. नगरला एका हायस्कुलात मी मराठी शिकवत होतो. शाळा अकराची. त्याआधी सकाळी सात ते नऊ परदेशी माणसांच्या शिकवण्या. त्या काळी दवाखाने, शाळा, विहिरी अशा कामांसाठी बाहेरदेशची माणसं जिल्ह्यात येत. खेड्यात राहायचं तर इंग्रजीवर दोन दिवसही निघाले नसते, म्हणून त्यांच्या संस्था त्यांना आधी माझ्याकडे बसवत. शिकवणाऱ्याला ते लोक 'पंडित' म्हणत. घरी मला पंडित कधी कोणी म्हटलं नाही, त्यामुळे मला ते फार आवडायचं.

पहिले पंधरा दिवस मी पुस्तक उघडू देत नसे. टेबलावर तांब्या, लिंबू, कुलूप, चाळणी असं काहीबाही मांडायचं आणि "हे काय आहे? ते कुठे आहे?" चालू करायचं. मोठ्या माणसाला भाषा शिकवताना खरी अडचण लाजेची असते. आपल्या गावात जो डॉक्टर आहे, जो चारचौघांत मानानं बोलतो, तो इथं येऊन "हे लिंबू आहे" म्हणतो आणि तेही चुकतं. काहीजण चिडत. एक बाई टेबलावर डोकं ठेवून रडल्या होत्या. मी लिंबाचं सरबत करून आणलं, पण सरबताला काय म्हणतात ते त्या दिवशी विचारलं नाही. इतपत अक्कल मला होती.

विहिरींच्या कामाचा एक इंजिनियर होता. तो म्हणाला, "मला पाण्यापुरतंच शिकवा, बाकी नको." तीन महिन्यांत त्याला खडक, मुरूम, झरा, सुरुंग, दोर, सगळं आलं. कातळावर तासभर बोलायचा. पण हॉटेलात चहा मागता यायचा नाही, बोट दाखवावं लागायचं. एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना पोथ्यांतली मराठी हवी होती. अकरा वर्षं माझ्याकडे आले. इतकं शुद्ध, भारदस्त बोलायचे की भाजीवाली त्यांच्याकडे बघत उभी राहायची आणि मग माझ्याकडे वळून विचारायची, "काय म्हनत्यात ह्ये?" मला त्यांचा केवढा अभिमान. भाजीवालीचा राग यायचा.

ह्या सगळ्यांत माझी सर्वांत चांगली विद्यार्थिनी म्हणजे एल्साबाई. डेन्मार्कची. नर्स आणि सुईण. आली तेव्हा पंचविशीची होती, उंच, नाकावर सतत उन्हाने सोललेली कातडी. दोन वर्षं रोज सकाळी सातला येऊन बसली, एक दिवस चुकली नाही. ताप असला तरी यायची आणि "मला ताप आलेला आहे" असं पूर्ण वाक्य म्हणून मग खुर्चीत बसायची. तिचा 'ळ' ऐकून आमच्या शाळेतले मास्तर लाजले असते. दोन वर्षांनी तिच्या संस्थेनं तिला मिरजगावच्या अलीकडे, सडकेपासून दोन मैल आत, बाळंतपणाच्या लहानशा दवाखान्यावर पाठवलं. निघताना ती म्हणाली, "मास्तर, मी दर आठवड्याला तुम्हाला एक पत्र लिहीन. तुम्ही तपासून परत पाठवा. नाहीतर माझी भाषा बिघडेल."

अशी ती पद्धत सुरू झाली. शनिवारी ती पत्र टाकायची, सोमवारी माझ्याकडे यायचं. मी लाल शाईनं चुका खोडायचो, वर बरोबर शब्द लिहायचो आणि तेच कागद पाकिटात घालून परत पाठवायचो. माझ्याकडे काही राहत नसे. चोवीस वर्षं हे चाललं. मधे ती सुट्टीवर देशी जायची, तेवढेच काय ते खाडे. आमची मुलं शिकली, त्यांची लग्नं झाली, पण सोमवारचं पत्र चुकलं नाही. बायको म्हणायची, "पोस्टमन आला की तुमचा चेहरा नवऱ्या मुलासारखा होतो." मी लक्ष देत नसे.

पहिलं वर्षभर चुका नेहमीच्या होत्या. मग काहीतरी निराळंच व्हायला लागलं. चुका कमी झाल्या आणि वाक्यं माझी राहिली नाहीत. 'पुष्कळ' जाऊन 'लई' आलं. 'ती फार घाबरली होती' ह्याऐवजी 'तिच्या जिवाचं पानी पानी झालं हुतं.' मी खोडलं. पुढच्या पत्रात पुन्हा तसंच. पुन्हा खोडलं. मग तिनंच एका पत्रात लिहिलं, "स्वयंपाकाला सगुणा नावाची बाई आहे. ती मला पुष्कळ शिकवते." पुष्कळ हा शब्द बरोबर होता. बाकी वाक्य मला आवडलं नाही.

ही सगुणा खर्ड्याकडची. उसतोडीच्या टोळीबरोबर निघाली होती, वाटेत तापानं पडली. दिरानं दवाखान्याच्या ओट्यावर आणून टाकली आणि टोळीबरोबर पुढं निघून गेला. ती बरी झाली, पण न्यायला कोणी आलंच नाही. नवरा नाही, दीर नाही. मग एल्साबाईनं तिला ठेवून घेतलं. चूल तिची, झाडलोट तिची. हळूहळू ओट्यावरच्या बायकाही तिच्याच झाल्या.

त्याचं असं झालं. मी एल्साबाईला एक वाक्य अगदी घोटून दिलं होतं: "आपल्याला कुठे दुखते?" दवाखान्यातलं सगळ्यांत गरजेचं वाक्य. सगुणा कामाला लागली त्याच महिन्यात एक पहिलटकरीण आली. एल्साबाईनं ते वाक्य म्हटलं, उच्चार चोख. ती पोरगी उठली आणि चालायला लागली, घरी निघाली. दारात सगुणानं तिला धरलं. खाली बसवलं आणि विचारलं, "कुनाच्या घरची गं तू? न्याहारी केलीस का?" मग सासू कशी आहे ते झालं, विहीर किती लांब ते झालं, आणि चौथ्या-पाचव्या प्रश्नाला त्या पोरीनं आपणहून सांगितलं की दोन दिवस पोट दगड झालंय आणि मूल हलत नाही. एल्साबाईनं हे सगळं पत्रात लिहून शेवटी म्हटलं होतं, "मास्तर, इथे दुखण्याचे आधी विचारायचे नसते. आधी घर विचारायचे." व्याकरणाची एकही चूक नव्हती त्यात. मी शेवटी 'उत्तम' असा शेरा दिला आणि दिवसभर शाळेत पोरांवर खेकसत राहिलो.

सहा-सात वर्षं झाल्यावर मी ठरवलं, आपण जाऊन बघावं. सोलापूरच्या गाडीनं गेलो, फाट्यावर उतरलो, दोन मैल चाललो. एल्साबाई बाळंतपणात गुंतली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. आत एक काळीसावळी, बारीक अंगाची बाई भाकरी थापत होती. तिनं मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तुमी त्ये लाल शाईचं मास्तर का?"

मी हो म्हणालो.

"बसा. शाई लई लागत आसंल तुमाला."

मी बसलो. तिनं पुढ्यात पाणी ठेवलं आणि भाकरी उलटता उलटता म्हणाली, "तुमचं पाकीट आलं की बाई मला वाचून दावत्यात. म्या काय बोलले हुते आन तुमी काय केलं, त्ये. माजंच बोलनं खोडलंय की समदं. ह्ये म्हायती हाय का तुमाला?"

मला माहीत नव्हतं. खरं सांगतो, पहिल्यांदा शरम वाटली. पण ती फार टिकली नाही. तेवढ्यात एल्साबाई हात पुसत आली, जमिनीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "सगुना, भूक लागलीया गं. वाढ की." सगुणा म्हणाली, "हात धुतलंस का नीट? आन मास्तर आल्यात, डोईवर पदर तरी घे." एल्साबाई हसली. फ्रॉकला कुठला पदर. त्या दोघी एकमेकींना अगंतुगं करत होत्या, ठेचा एका वाटीतून घेत होत्या. माझ्याकडे वळून एल्साबाई म्हणाली, "मास्तर, आपला प्रवास सुखाचा झाला ना?"

त्या आठवड्यापासून मी जास्तच खोडायला लागलो. आता मला ठाऊक होतं की ही एल्साबाईची चूक नाही, हे सगुणाचं बोलणं आहे. जिथं चाललं असतं तिथंही मी लाल रेघ ओढली. एक पत्र तर इतकं लाल झालं की बायकोनं ते टेबलावर पाहिलं आणि विचारलं, "रक्त सांडलं का काय?" मग म्हणाली, "हा सवतीमत्सर हो. तो बायकांना असतो म्हणतात, पण तुम्हालाही जमतोय." मी तिच्यावर चिडलो. ती भाजी निवडत राहिली.

असं सत्तर साल उलटलं. बहात्तरचा दुष्काळ आला. एल्साबाईच्या पत्रांत रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीच्या, मिलोच्या भाकरी आल्या, खडी फोडायच्या कामावर बाळंत झालेल्या बाया आल्या, टँकरची वाट आली. दुष्काळ ओसरता ओसरता एक पत्र आलं. त्यात होतं की संस्था दवाखाना सरकारच्या हवाली करते आहे आणि तिला परत बोलावलं आहे. "मी सव्वीस वर्षांनी कायमची घरी जात आहे," तिनं लिहिलं होतं. 'घरी' हा शब्द तिनं एकदा खोडून 'देशी' केला होता आणि तो खोडून पुन्हा 'घरी' लिहिला होता. तिनं स्वतःच खोडलेलं मी त्या एकाच पत्रात पाहिलं. त्यावर माझी शाई मी लावली नाही.

पुढच्या आठवड्यात तिनं निरोपाच्या भाषणाचा मसुदा धाडला. गावाला चार शब्द सांगायचेत, तपासून द्या. आता मला माझी संधी दिसली. चोवीस वर्षं ही बाई खेड्यात कुणाच्याही तोंडचं बोलली असेल, चालेल. पण जाताना, सगळ्यांसमोर, लाउडस्पीकरवर, माझी मराठी तिच्या तोंडून निघाली पाहिजे. ती जे घेऊन जाणार ते माझं असलं पाहिजे. मी मसुदा तपासला नाही, बाजूला ठेवला आणि नवीन भाषण लिहिलं. 'ह्या भूमीचा निरोप घेताना अंतःकरण भरून येत आहे' इथून सुरुवात. दोन पानं. प्रत्येक वाक्य मी घरात मोठ्यानं म्हणून पाहिलं. शाळेत शिक्षकांना सांगितलं, हेडमास्तरांना गळ घातली, "चला, माझ्या विद्यार्थिनीचं मराठी ऐकायला चला." आम्ही पाचजण गाडी करून गेलो.

मांडव बरा घातला होता. आंब्याचे टाळे कुठून मिळणार त्या साली, कडुलिंबाचे डहाळे बांधले होते. लाउडस्पीकर मिरजगावहून आणला होता. माणसं मावत नव्हती. एल्साबाईच्या हातावर जन्मलेली तरणी पोरं पुढं बसली होती. मला स्टेजवर खुर्ची दिली, नारळ दिला, सरपंचांनी 'बाईंचे गुरू' म्हणून ओळख करून दिली. मी हेडमास्तरांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. मला त्या वेळी फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

एल्साबाई उभी राहिली. पांढरं पातळ नेसली होती, माझे दोन कागद हातात होते. "ह्या भूमीचा निरोप घेताना अंतःकरण भरून येत आहे," ती म्हणाली. स्वच्छ, एकेक अक्षर मोत्यासारखं. मग तिनं समोर बायकांच्या बाजूला पाहिलं. पुन्हा पाहिलं. कागदाची घडी केली.

"सगुना कुठं हाय?" तिनं विचारलं.

कुणीतरी म्हणालं, "चुलीपाशी बसलीया. न्हाई येत म्हन्ती."

लाउडस्पीकर स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जात होता. एल्साबाई त्यात तोंड घालून म्हणाली, "सगुना, आगं हिकडं ये की. तू आल्याबिगर म्या बोलनार न्हाई. लई राग आलाय तुला, म्हाइती हाय मला. मला बी आलाय. मी काय हौसंनं निगाले व्हय? तिकडं माज्याशी कोन बोलंल?"

आधी माणसं हसली. मग पुढच्या बायका रडायला लागल्या, मग मागच्या. सगुणा आली. पदरानं हात पुसत आली, कुणाकडं न बघता सरळ स्टेजवर चढली आणि एल्साबाईच्या पायांशी बसून राहिली. पुढं एल्साबाई दहा-बारा मिनिटं बोलली. त्यातलं एकही वाक्य मी शिकवलेलं नव्हतं. मी मांडीवरच्या नारळाची शेंडी कुरवाळत बसलो होतो. हेडमास्तर धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते, तेव्हा तर मला त्यांचाही राग आला.

भाषण झाल्यावर बायका ओटी भरायला पुढं झाल्या. एक म्हातारी म्हणाली, "लगीन न झालेल्या बाईची ओटी भरत्यात व्हय?" सगुणा पायाशीच बसली होती. ती म्हणाली, "माहेरातनं लेक निगाली, तर रिकामी धाडायची का?" तांदळाची टंचाई होती, बायकांनी ज्वारीनं ओटी भरली. मी तिकडं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, ह्या बाईला कोणी पंडित म्हणत नाही आणि हिचा शब्द अख्खा गाव ऐकतो.

परतताना गाडीत कोणी भाषणाचा विषय काढला नाही. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "कसं झालं?" मी म्हणालो, "चांगलं झालं." तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पान वाढायला घेतलं.

चार दिवसांनी एल्साबाई नगरहून दुपारच्या गाडीनं निघाली. सगुणानं आधीच सांगून टाकलं होतं, "म्या ठेसनावर यायची न्हाई." मला आनंद झाला. म्हटलं, एवढा तरी वेळ माझा. फलाटावर आम्ही बाकड्यावर बसलो. ती म्हणाली, "मास्तर, आपण माझ्यासाठी फार कष्ट घेतलेत. आपले ऋण मी विसरणार नाही. आपण लिहून दिलेले कागद मी सोबत नेत आहे." उच्चार निर्दोष, वाक्यरचना निर्दोष. मी काहीतरी म्हणालो, तिनं काहीतरी उत्तर दिलं. सबंध अर्धा तास ती एकदाही चुकली नाही. गाडी हलली तेव्हा माझ्या लक्षात आलं की सव्वीस वर्षं ही बाई माझ्यासमोर परीक्षेला बसल्यासारखी बसली होती. परीक्षा घेणाऱ्यापुढं कोण रडणार?

दोन-तीन सोमवार पोस्टमन आला आणि वीजबिलं देऊन गेला. मग एका सोमवारी जाड पाकीट आलं. त्यावरचा पत्ता पाहून मी दचकलो, कारण अक्षर माझं होतं. म्हणजे मी लिहिलेलं नव्हतं, पण 'म'ची गाठ, 'र'चा फटकारा, उकाराला द्यायची माझी सवयीची ओढ, सगळं माझं. आत सगुणाचं पत्र. एल्साबाईनं तिला लिहायवाचायला शिकवलं होतं आणि कित्ता म्हणून माझी लाल अक्षरं दिली होती. छापलेलं पुस्तक तिनं हातात धरलंच नव्हतं म्हणे.

वर एक चिठ्ठी होती, "मास्तर, ह्ये लाल करून येल्साबाईला धाडा. तिला तसंच वाचायची सवं हाय. पत्ता विंग्रजीत हाय, त्यो मला येत न्हाई."

आणि खाली पत्र:

"येल्साबाईला सगुनाचा नमस्कार. हितं समदी बरी हायत. तू बरी हायेस का. तुज्या खोलीला कुलूप हाय. नवी नरसीन किल्ली मागीत हुती, म्या दिली न्हाई. शेळी याली, दोनी बोकडं झाली. सकाळी चा करती त्यो दोन कप करती, आन दोनी मीच पिती."

मी लाल पेन घेतलं आणि तपासायला बसलो. सवयच ती. एवढंसं पत्र, पण एकही ओळ सुटली नाही. मग मला वाटलं, असा चिताडलेला कागद परदेशी पाठवणं बरं दिसत नाही. असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. तो कागद एल्साबाईच्या हातात पडावा असं मला वाटत नव्हतं. मी पांढरा कागद घेतला आणि स्वच्छ प्रत केली. 'येथील सर्व मंडळी कुशल आहेत. शेळीस दोन करडे झाली.' किल्लीचं वाक्य गाळलं, सरकारी नर्सबद्दल असं लिहिणं योग्य नव्हे. चहाच्या वाक्याजवळ बराच वेळ थांबलो आणि तिथं लिहिलं, 'आपली उणीव पदोपदी भासते.' खाली सगुणाचं नाव घातलं आणि पोस्टात टाकलं. सगुणाचा कागद माझ्या खणात राहिला.

दीडेक महिन्यानं सगुणा नगरला आमच्या दारात उभी राहिली. एस.टी.नं एकटी आली होती. चपला बाहेर काढल्या, आत आली, भिंतीशी बसली. बायकोनं पाणी दिलं, विचारलं, "जेवलात का?" सगुणा म्हणाली, "व्हय, भाकरी आनली हुती." मग तिनं कनवटीचं पाकीट काढून माझ्यापुढं धरलं.

"वाचा, मास्तर."

"तुम्हाला येतं की वाचायला," मी म्हणालो.

"म्या वाचलंय. तुमी वाचा. मोठ्यानं वाचा."

बायको दारात उभी होती. मी वाचलं.

"सगुना, तुजं पत्र आलं न्हाई. मास्तरांचं आलं. त्ये चांगलं हाय. पन तू काय म्हन्लीस त्ये त्यात न्हाई. हितं भाऊ हाय, भावजय हाय, माज्याशी कुनी बोलत न्हाई गं. बोलत्यात, पन त्ये बोलनं न्हाई. तू तुजं धाड."

बायको आत निघून गेली, हे तिनं माझ्यावर केलेले जे काही थोडे उपकार आहेत त्यांतला एक मी धरतो.

"माजा कागद कुठं हाय?" सगुणानं विचारलं.

मी खण उघडला आणि कागद तिच्या हातात दिला. तिनं तो उजेडाकडे धरला. लाल रेघांमधून आपलीच अक्षरं शोधत, ओठ हलवत, तिनं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मला वाटलं, आता ही फाडणार किंवा मला बोलणार. बोलली असती तर बरं झालं असतं.

"ह्योच धाडू," ती म्हणाली. "लालसकट. दोगांचं बी दिसू दे तिला. पर फुडल्या बारीला खोडू नका मास्तर, वरनं लिवा. खालचं वाचता आलं पायजे."

मी हो म्हणालो. पाकिटावर इंग्रजीत पत्ता लिहिला. घरात डिंक नव्हता, बायकोनं भाताची शितं आणून दिली. मी चिकटवायला घेणार तेवढ्यात सगुणा म्हणाली, "थांबा. तुमची बी येक वळ घाला खाली."

"माझी ओळ कशाला?"

सगुणानं पदर सारखा केला. "तुमाला काय सांगायचं. तुमचं पाकीट आलं की बाई दुपारभर मला इचारायची न्हाई. चुलीपाशी बसून तुमचं लाल वाचायची. येकदा, दोनदा. मास्तरांवानी कुनी बोलत न्हाई, म्हनायची. म्या कितीबी बोलले तरी म्हनायची. मला लई राग यायचा तुमचा. पंधरा-ईस वरीस म्या जळले तुमच्यावर. आता ती न्हाई तर जळू कुनावर? घाला वळ."

मला हसू आलं. मी काळं पेन घेतलं. सगुणाच्या चहाच्या दोन कपांखाली बोटभर जागा होती. मी 'प्रिय एल्साबाई' इतकं लिहिलं आणि थांबलो. पुढं काय लिहावं ते सुचेना. चोवीस वर्षांत हजारावर पत्रं माझ्या हातांतून गेली होती, आणि मी तिला एकही पत्र लिहिलेलं नव्हतं. फक्त तपासली होती.

सगुणा भिंतीशी बसून माझ्या हाताकडे बघत होती. तिची एस.टी. चुकणार होती, पण ती उठली नाही.

"लिवा की, मास्तर," ती म्हणाली. "म्या न्हाई लाल करत."